डिंभ्याच्या पाण्यापल्याडचं जोतं

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि अण्णांनी डिंभ्याला जायचा हट्ट धरला. माझे वडील सर्व्हेअर. धरणाचं पाणी कुठवर चढणार, याच्या खुणा तिथल्या घरांवर त्यांनीच केल्या होत्या. कधीकाळी भंगारातून सोडवून आणलेली मोजणीची जुनी दुर्बीण, तिची तिवई आणि आकड्यांची पट्टीही त्यांनी बरोबर घेतली.

२००३चा मे. शिवाजीनगरहून मंचर, मग घोडेगाव, एसटीनं. पुढच्या गाडीचा भरवसा नाही. मिसळ खाऊन आम्ही जीप धरली. जाणार असाल तर मेमध्येच जा. पाणी उतरतं, बुडालेल्या घरांची जोती वर येतात. परतीची गाडी मात्र उतरल्या उतरल्या विचारून ठेवा.

काठावर ठकूबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई जाळं सांधत बसल्या होत्या. अण्णांनी तिवईवर दुर्बीण चढवली तशा म्हणाल्या, "पावणं, पल्याडचं ते जोतं माझ्या घराचं. गुडघं धरलेत, होडीत चढवत न्हाई. दावता का जरा?"

डोळा लावला आणि हसल्याच. "अगं बया, समदं उलटं!"

"पुढचं भिंग चित्र उलटंच पाडतं," अण्णा म्हणाले. "डोळ्याजवळचं ते मोठं करतं. मधल्या आडव्या रेघा दिसतात ना? त्यांच्यावरून अंतर मोजायचं."

"मग मोजा की!"

त्यांचा लेक आकड्यांची पट्टी घेऊन होडीनं पलीकडे गेला, जोत्यावर ती उभी धरली. वरच्या आणि खालच्या रेघेत पट्टीचा एक मीटर ऐंशी सेंटिमीटर भाग मावला.

"याच्या शंभरपट. एकशे ऐंशी मीटर."

"येवढंच?" ठकूबाई हळूच म्हणाल्या. "मला वाटायचं, लई लांब गेलं."

अण्णांनी दुर्बिणीवरून डोळा काढला. "बाई, तुमच्या भिंतीवरची खूण मीच केली होती."

ठकूबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग म्हणाल्या, "तांबडी व्हती. सासूबाईंनी तुमाला ताक दिलं व्हतं." आणि पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला. "थांबा, उखळ दिसतंय."

दुपारी त्यांनी आम्हाला मासळीचं कालवण आणि तांदळाची भाकरी जेवू घातली. निघताना अण्णा त्यांच्या पाया पडले.

पुण्याला परतल्यावर तिसऱ्या दिवशी चहा घेताना अण्णा म्हणाले, "त्या घराचं माप मी तीनदा घेतलं होतं गं. एकदा तरी चूक निघावी, घर पाण्याबाहेर राहावं म्हणून."

मी त्यांच्याजवळ बसून राहिले.