उजव्या चाकाला तेल

चिकट तांदूळ रात्रभर भिजवायचा, सकाळी निथळायचा आणि बांबूच्या टोपलीत वाफेवर चढवायचा. खामलाचे निम्मे तांदूळ चुलीवरच्या टोपलीत पडले होते, निम्मे अजून मडक्यातल्या पाण्यात होते, तेवढ्यात आतून नवऱ्याचा खोकला ऐकू आला. रोजचा कोरडा खोकला नव्हता तो. पाण्यात बुडबुडे फुटावेत तसा आवाज होता. तिने चाळण चुलीशेजारी टाकली आणि ओल्या हातांनीच आत धावली.

नान इन्था भिंतीला उशा लावून बसला होता. तरुणपणी काही वर्षं तो मठात भिक्षू होता, म्हणून गाव त्याला मानाने नान म्हणायचं. रात्र त्याने बसूनच काढली होती. आडवं झालं की छातीवर कुणीतरी येऊन बसतं, म्हणायचा. पाय सुजून केळीच्या खुंटासारखे झाले होते. त्याच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले तेव्हापासून डोंगराखालच्या इस्पितळात जायचं, यंत्रावर रक्त धुऊन घ्यायचं, की मग एक-दोन दिवस माणूस माणसात यायचा. मागची पाळी चुकली होती. घाटात दरड कोसळली आणि रस्ता बंद. काल सांजेला रस्ता मोकळा झाला खरा, पण तोवर अंगातलं पाणी चढत चढत गळ्याशी आलं होतं.

"आज नाही गेलो..." एवढंच म्हणून तो थांबला. पुढच्या शब्दाला श्वास पुरला नाही.

"तुम्ही बोलू नका. गाडी काढते."

गाडी घराखाली, खांबांच्या मधे उभी असायची. निळा रंग उडून पांढुरकी पडलेली जुनी पिकअप. त्यांच्या पांग मियांग गावाच्या उतारांवरची मुरवलेली चहाची पानं गाठोडी बांधबांधून याच गाडीने च्यांग रायच्या बाजारात गेली होती. सुकाणूच्या वर आरशाला झेंडूची माळ, ती गाडीच्या राखणदार देवीची. खामलाने माळेला हात जोडले, नवऱ्याला कसंबसं धरून पुढच्या सीटवर बसवलं आणि गाडी मागे घेतली. पुढच्या चाकापाशी धप्प आवाज झाला. ती गल्लीच्या उतारावर आली, ब्रेक दाबला, आणि गाडी उजवीकडे अशी खेचली गेली की थेट शेजारच्या चानफोंगच्या बांबूच्या कुंपणात घुसली.

"अगं बाई!" चानफोंग परसातून ओरडली. "माझ्या कुंपणाने तुझं काय घोडं मारलं होतं?"

मग तिची नजर नान इन्थाच्या तोंडाकडे गेली आणि पुढची शिवी तिने गिळली.

खामला उतरून बघते तर उजवं चाक मागे सरकून पत्र्याला टेकायला आलेलं. ही गाडी घाटातल्या वळणांवरून उतरायची होती. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी.

"सरपंचांची गाडी?" तिने विचारलं.

"ती काल माहेरी गेली, सरपंचीणबाईंना घेऊन. आणि बचाव पथकाची गाडी पहाटेच बाळंतिणीला घेऊन खाली गेली. तू चाक बघत होतीस तेवढ्यात फोन केला मी त्यांना. दुपार होईल म्हणाले."

"दुपारपर्यंत हे..." खामलाने वाक्य पुरं केलं नाही. स्कूटरवर त्याला बसवून न्यायचं तर पहिल्याच खड्ड्यात तो मागच्या मागे पडला असता. बसल्या जागी त्याची मान कलत होती.

सिंगखामचं गॅरेज उताराच्या टोकाशी होतं. चार खांब आणि वर पत्रा. गाडी लंगड्या बैलासारखी तिथवर गेली, चानफोंग पुढे चालत कोंबड्या हाकलत होती. सिंगखाम दात घासत बाहेर आला, वाकून चाकाकडे पाहिलं आणि तोंडातला फेस थुंकला.

"काकी, ही गाडी घाटात घातलीत तर इस्पितळ नाही लागायचं. सरळ पुढचा जन्म लागेल."

"काय झालंय ते सांग. लवकर सांग."

"चाक ज्या लोखंडी हाताला धरून असतं ना, त्याच्या खांद्यात रबराचे बुश असतात. ते गेलेत. हात खांद्यातून निखळलाय." मग तो थबकला. "नान काकांनी गेल्या थंडीत नवे बुश आणले होते की! मलाच दाखवले होते. ते कुठायत?"

कुठायत ते खामलाला पक्कं ठाऊक होतं. बुद्धमूर्तीच्या फळीखाली, उदबत्त्यांच्या डब्याशेजारी. इन्था सारखा म्हणायचा, पुढून कुई कुई येतंय, बुश बदलून घेऊ. तिला वाटायचं देवी कण्हते आहे. म्हातारी झालीय बिचारी, इतकं ओझं वाहून सांधे धरलेत, आणि तिला उघडून हातोडे मारायचे? म्हणून बुद्धाच्या पवित्र दिवशी देवळातून मंतरलेलं तेल आणायची, आणि गाडीखाली हात घालून, कुई येते तिथे, उजव्या चाकामागे, देवीच्या पायाला लावतो तशा भावाने चोळायची. दर अष्टमीला, दर पुनवेला. हळूहळू कुई थांबली. तेव्हा तिने इन्थाला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, बघा, बरी झाली की नाही? मग इन्थाच अंथरुणाला खिळला आणि खोका फळीखालीच राहिला.

ती पळत जाऊन खोका घेऊन आली तोवर चानफोंगने इन्थाला बांबूच्या बाकड्यावर टेकवून बसवलं होतं, आणि ताडाच्या पंख्याने वारा घालत होती. पाणी द्यायची सोय नव्हती; घोटभर पाणीही आता विषच. बर्फाचा खडा फडक्यात बांधून ओठांना लावायचा, तेवढंच.

"उजवीकडचंच करतो," सिंगखाम म्हणाला. "डावीकडे आज हात लावला तर दोन्हीकडून जाऊ. पण मला दुसरा हात लागेल. माझा भाऊ चहाच्या मळ्यात गेलाय."

"मी आहे."

"तुम्ही?"

"भांडी घासणारे हात आहेत हे. पाना धरता येईल."

त्याने आधी माळेसमोर हात जोडून देवीची माफी मागितली. खामलाही शेजारी वाकली. मग जॅक लागला, चाक निघालं, आणि स्प्रिंगच्या जागी पीळ देऊन बसवलेली लांब कांब त्याने खुणा करून सैल केली. खामला पाठीवर निजून गाडीखाली गेली. डोळ्यांत माती पडत होती. सिंगखामने पलीकडून बोल्ट फिरवायला घेतला, तिने अलीकडचा पाना धरला. बोल्ट हलेना. गंजून आतल्या नळीशी एकजीव झाला होता. त्याने घन मारला. पान्यातून तिच्या दातांपर्यंत झिणझिण्या गेल्या.

ओठांवर प्रार्थना चालूच होती. इतिपि सो भगवा, अरहं... आणि तिथेच अडत होती. लहानपणापासून पाठ असलेली प्रार्थना, झोपेतही न चुकणारी. पण बाकड्यावरून श्वासाचा आवाज यायचा, तो थांबला की हिची ओळ थांबायची. तो पुन्हा सुरू झाला की हीसुद्धा पहिल्यापासून सुरुवात करायची.

"ताई, यांचे ओठ कसे आहेत?" तिने गाडीखालून विचारलं.

"आहेत जागच्या जागी," चानफोंग म्हणाली. जरा वेळाने हळूच म्हणाली, "जांभळट दिसतायत. तू हात चालव."

सिंगखामने गॅसची ज्योत आणली. बोल्टाचं डोकं लाल झालं. पुन्हा घन, पुन्हा पाना. खामलाचा तळवा फुटला तरी तिने पकड सोडली नाही. शेवटी एकदाचा कर्र करत बोल्ट हलला. तो लोखंडी हात निघून बाहेर आला तेव्हा तिला रडूच आलं, पण रडायला वेळ नव्हता.

सिंगखामने तो लोखंडी हात बाकाच्या पकडीत आवळला आणि जुन्या बुशात स्क्रूड्रायव्हर खुपसला. रबर तुटलं नाही, कुजक्या चिंचेसारखं चिकटून बाहेर आलं, काळं आणि बुळबुळीत. त्याने बोट नाकाशी नेलं.

"कापूर," तो म्हणाला. "आणि गवती चहा. हे देवळातलं तेल आहे. रबराला तेल कुणी लावलं? तेलाने रबर फुगतं, मग विरघळतं. कुई करत होतं म्हणजे सांगत होतं बिचारं, की मी झिजलोय."

चानफोंगचा पंखा थांबला.

"मी," बाकड्यावरून इन्था म्हणाला. "मीच... लावलं."

खामलाने वळून पाहिलं. त्याचे डोळे मिटलेले होते. उरल्यासुरल्या श्वासांतला एक श्वास त्याने तिच्यासाठी खर्च केला होता.

"खोटं बोलतायत," ती म्हणाली. "मी लावलं. देवी कण्हते असं वाटलं मला. यांनी सांगितलं होतं बदलू या म्हणून. मीच नको म्हटलं."

आपण पुण्य म्हणून जे केलं त्यानेच हे चाक खाल्लं, आणि चाकाने नवऱ्याचा श्वास. देवळात गुडघे टेकून आणलेलं तेल. कुणापुढे हात जोडायचे आता?

सिंगखामने खाली बघत बुशाची उरलेली नळी कापायला घेतली. मग करवत चालवता चालवताच म्हणाला, "तेल वाईट नाही हो काकी. माझी आईपण लावते. गुडघ्याला. माणसाच्या गुडघ्याला तेल, गाडीच्या गुडघ्याला साबणाचं पाणी. जा, चानफोंग मावशीच्या मोरीतून भांड्याचा साबण आणा."

"माझं कुंपण गेलं, आता साबणपण," चानफोंग पुटपुटली. "आण, खिडकीत आहे. आणि तुझ्या चुलीवरचा भात जळतोय का बघून ये."

भात जळला नव्हता. टोपलीतला शिजला होता. खामलाने चूल विझवली, टोपली तशीच काखेत मारली आणि साबण घेऊन आली. मडक्यातला निम्मा तांदूळ पाण्यातच राहिला.

नवा बुश साबणाच्या फेसात बुडवून सिंगखामने भोकावर ठेवला, दुसऱ्या एका रुंद नळीचा तुकडा मागे, लांब बोल्ट मधून, आणि नट आवळत आवळत तो सरळ आत ओढून घेतला. दुसराही तसाच. लोखंडी हात परत जागेवर गेला, कांब खुणेवर आली, चाक चढलं. खामलाने पाना उचलला.

"थांबा," सिंगखाम म्हणाला. "बुशाचे बोल्ट आत्ता आवळायचे नाहीत. चाक लटकतंय. असं आवळलं तर गाडी खाली बसताना रबर पिळवटतं आणि आठवड्यात फाटतं. आधी खाली उतरवू, रोजची माणसं रोजच्या जागी बसवू, मग."

गाडी खाली आली. दोघांनी मिळून इन्थाला उचलून त्याच्या सीटवर ठेवलं. खामला सुकाणूमागे बसली.

"आज माझं वजन... जास्त आहे," इन्था म्हणाला. "पाणी... भरलंय."

"मग चांगलंच," सिंगखाम गाडीखालून म्हणाला. "उद्या हलके होऊन याल तेव्हा गाडी उड्या मारेल."

इन्थाच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. खालून बोल्ट आवळल्याचे हिसके बसत होते. प्रत्येक हिसक्याला इन्थाचं डोकं खामलाच्या खांद्यावर आपटत होतं आणि ती ते तसंच राहू देत होती.

सिंगखाम निघताना खिडकीशी आला. "चाक पुरतं सरळ नाहीये. माझ्याकडे ते मोजायचं साधन नाही. गाडी थोडी एका अंगाला ओढेल. सुकाणू घट्ट धरा, ब्रेक हळू. आणि खाली पोचलात की पहिलं..."

"पहिलं यांना पोचवते," खामला म्हणाली.

मागे चानफोंग चढली होती, कुणी न सांगता, भाताची टोपली मांडीवर घेऊन.

घाटाच्या पहिल्या वळणावर खामलाने ब्रेकला पाय लावला आणि श्वास धरला. गाडी किंचित ओढली, पण सरळ थांबली. दुसरं वळण. दरडीची ओली लाल माती रस्त्यावर पसरली होती. तिच्यावरून चाक घसरलं आणि सावरलं. शेजारी इन्था बोलत नव्हता. ती मधेच त्याचं मनगट चाचपायची आणि पुन्हा सुकाणू धरायची. प्रार्थना आता तिने सोडूनच दिली होती. ती फक्त ऐकत होती. त्याचा श्वास, आणि चाकं.

आता डावीकडून आवाज येत होता. कुई, कुई. खड्डा आला की मोठ्याने. तिकडच्या बाजूला तिने कधी तेल लावलं नव्हतं. इतके महिने ज्या आवाजाने तिचा जीव कळवळायचा, तो ऐकून आज तिला धीर आला. ओरड बाई, ती मनात म्हणाली. तू ओरडतेस तोवर तू आहेस. तुझी पाळी आली की लगेच तुला बदलीन. खोक्यात तुझे ठेवलेत.

इस्पितळाच्या दारात चाकांच्या खुर्चीवर इन्थाला उतरवताना त्याचे पाय जमिनीवर टिकलेच नाहीत, घसरले. नर्स धावत आली.

"एवढा उशीर? यांची यंत्राजवळची खुर्ची दुसऱ्याला दिली. काय करत होतात तुम्ही?"

खामलाने आपले हात पाहिले. काळं ग्रीस, फुटलेला तळवा, साबणाचा पांढरा कोरडा फेस.

"गाडी मोडली होती, पोरी," चानफोंग मागून कडाडली. "पंखांवर आलो असतो का? आधी तोंडाला हवा लाव त्यांच्या, मग ओरड."

तोंडाला हवा लागली. डॉक्टर आले, छातीला नळी लावून ऐकलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि यंत्रावरच्या एका माणसाला लवकर सोडायला सांगितलं. बराच वेळ गेला. मग इन्थाच्या हातात सुया गेल्या आणि लाल नळ्या फिरायला लागल्या. पाणी फुप्फुसात गेलंय, डॉक्टर म्हणाले. आज रात्र बघू.

इन्थाने डोळे उघडले. मुखवट्याआडून काही बोलत होता. ती वाकली.

"मला घरी... कसं... नेशील?"

"त्याच गाडीने," ती म्हणाली. "जसं आणलं तसं."

त्याने बोट वाकडं करून दाखवलं. गाडी ओढते, हे त्याला कळलं होतं. डोळे मिटूनही कळलं होतं.

"होय. बघते."

चानफोंगने भाताची मूठ करून तिच्या हातात दिली. "खा. मी बसते यांच्याजवळ. हलले तर ओरडेन."

ग्रीसच्या हाताने खामलाने भात खाल्ला. मधे एक कणी कच्ची लागली. मग तिने चाव्या घेतल्या. बाजारामागे टायरवाल्याचं दुकान होतं. तिथे जाऊन पुढची दोन्ही चाकं सरळ करून घ्यायची होती.