बरडावरचं गोल्फ

माझ्या सासऱ्यांइतका रागीट माणूस अख्ख्या वऱ्हाडात झाला नाही, आणि त्यांच्याइतक्या हलक्या हातानं चेंडू ढकलणाराही दुसरा कुणी झाला नसेल. हे दोन्ही गुण एकाच माणसात, तेही शेलूबाजारसारख्या गावात कसे नांदत होते, हे आठ वर्षं त्यांची बोलणी खाऊनही मला उलगडलं नाही. बोलणीसुद्धा साधी नसत. मी जावई, त्यात वाशिमच्या शाळेत गणिताचा मास्तर, त्यामुळे माझा मान राखूनच ते माझा उद्धार करत. "जावईबापू, तुमी निव्वळ ढेकूळ," असं ते आदरार्थी बहुवचनात सांगत आणि वर "रागावू नका" असंही म्हणत. रागावण्याचा सगळा मक्ता त्यांच्याकडेच होता.

बहात्तरच्या दुष्काळाआधी माझं लग्न झालं. पहिल्यांदा सासुरवाडीला मुक्कामाला गेलो तेव्हा सासूबाईंनी पाटवडीचा रस्सा केला होता आणि मी जावयाला शोभेल इतका, किंबहुना थोडा जास्तच, जेवलो होतो. मामाजी, म्हणजे सासरे, समोर बसून माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, कौतुकानं बघतायत. सकाळी साडेपाचला त्यांनी माझं पांघरूण ओढून काढलं. "उठा. काल जेवतानी तुमचं पोट पाह्यलं मी. असं पोट घेऊन माणूस कायचा टोला मारन?" कसला टोला, कुणाला मारायचा, काही कळायच्या आत त्यांनी मला चार एकराच्या एका माळावर नेऊन उभं केलं आणि हातात एक लोखंडी काठी दिली. जावयाला पहिल्या भेटीत कुणी टोपी देतं, कुणी धोतरजोडी. मला गोल्फ मिळालं.

तो माळ म्हणजे मामाजींचं वडिलोपार्जित बरड. त्यात तूरही धड येत नसे. तिथे त्यांनी सहा खड्डे खणून तुपाचे रिकामे डबे पुरले होते आणि प्रत्येक डब्याभोवती अंगणाएवढी जागा चोपून, शेणानं सारवून गुळगुळीत केली होती. या जागेला ते 'ग्रीन' म्हणत. ग्रीन म्हणजे हिरवं आणि हे तर तपकिरी आहे, असं मी पहिल्याच दिवशी म्हणालो. त्यावर त्यांनी मला जे ऐकवलं त्यात माझी पदवी, माझी शाळा आणि मला पास करणारे परीक्षक, सगळ्यांचा समाचार होता. काठ्या तीनच होत्या. एक लाकडी, फुटलेल्या डोक्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. एक सात नंबरची लोखंडी. आणि एक पटर, म्हणजे चेंडू जमिनीवरून हळूच डब्यात ढकलायची काठी. पहिल्या दोन काठ्या ओसरीवर पडून असत. पटर मात्र धान्याच्या कणगीमागे, तेल लावून, जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेला असे, आणि त्याला हात लावायची परवानगी सासूबाईंनाही नव्हती.

त्यांची शिकवण्याची रीत अशी की माणूस एक तर खेळाडू व्हावा नाही तर संन्यासी. पोट कमी करायला त्यांनी मला विहिरीवरून दोन भरल्या बादल्या आणायला लावलं, पाणी सांडलं तर परत पहिल्यापासून. खांदे समांतर राहिले पाहिजेत म्हणून. काही उचलायचं तर गुडघे वाकवायचे, कंबर नाही. एकदा मी पडलेला चेंडू कमरेत वाकून उचलला, तर ते बांधावरून ओरडत आले. "कंबर फक्त पटर हाती असतानी वाकवा लागते. बाकी कोणापुढंच नाई." आणि पटर मारताना डोकं हलू नये म्हणून माझ्या डोक्यावर पाण्यानं भरलेली लोटी ठेवली जाई. त्या दोन-तीन वर्षांत मी मंगरूळपीरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक जीपमधल्या माणसाला डोक्यावर लोटी घेऊन माळावर वाकलेला दिसलो असेन. वाशिमला शाळेत पोरं आपसात खुसखुसायला लागली तेव्हा मला कळलं की शेलूबाजार आणि वाशिम यांच्यात अंतर फार कमी आहे. मी घरी येऊन बायकोवर चिडलो. ती म्हणाली, "बाबानं मले तर लहानपणी झाडायले झाडूबी सरळ धरू देला नाई. तुमचं काय घेऊन बसले?"

गावाशी त्यांचं रोजचंच भांडण. शेळ्या ग्रीनवर लेंड्या टाकत, म्हणून शेळ्यांशी. शेजारचा शेतकरी दर मृगाला "दादा, त्यात ज्वारी तं फेका" असा सल्ला देई, म्हणून त्याच्याशी. एका दिवाळीत मी मारलेला टोला कधी नव्हे तो लांब गेला आणि शेजारच्या कपाशीत पडला. वेचणी चालू होती. कुणा बाईनं पांढरं दिसलं म्हणून तो चेंडू बोंडासोबत ओटीत टाकला. मामाजींकडे चेंडू एकूण सहा. त्यांनी अकरा बायांच्या ओट्या बांधावर रिकाम्या करायला लावल्या. चेंडू सापडला, पण बाया इतक्या बोलल्या, इतक्या बोलल्या, की आयुष्यात पहिल्यांदाच मामाजींना मधे बोलायला जागा सापडली नाही. परत येताना सगळा राग माझ्यावर निघाला. टोला चांगला होता हे त्यांनी तीन दिवसांनी सांगितलं, तेही सासूबाईंना, मी ऐकतोय हे बघून.

हा एवढा राग येतो कुठून, असं एकदा मी सासूबाईंना विचारलं. त्या ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी हात न थांबवता सगळं सांगितलं. मामाजी विशीत गाव सोडून दूरच्या एका छावणीत गेले आणि तिथल्या गोल्फच्या मैदानावर साहेबांच्या काठ्यांच्या बॅगा उचलायला लागले. छप्पन साली रजा काढून नागपूरला जाऊन आले, दीक्षा घेऊन. तेव्हापासून बॅग उचलायची तर पाठ ताठ ठेवून, गुडघ्यात बसून उचलायची, हे त्यांनी ठरवलं. साहेब लोक हसले, पण मामाजींना सोडणं त्यांना परवडेना, कारण चेंडू कुठून किती वळेल हे मामाजींइतकं कुणालाच दिसत नव्हतं. "डावीकडून दोन बोटं, सायेब," असं ते पुटपुटत आणि साहेब चांदीचा कप घेऊन जात. बॅग उचलणाऱ्यानं मैदानावर चेंडूला काठी लावायची नाही, असा तिथला नियम. बराकीमागच्या पट्टीवर त्यांनी चोरून जे काय शिकायचं ते शिकून घेतलं. एका मोठ्या साहेबानं शब्द दिला होता की नोकरी संपेल त्या दिवशी तुला पहिल्या होलपासून, म्हणजे पहिल्या खड्ड्यापासून, शेवटपर्यंत खेळू देऊ, रीतसर कार्डावर नाव लिहून. त्या दिवशी मामाजी इस्त्रीचा सदरा घालून गेले. साहेबाची बदली झाली होती. नव्या माणसानं विचारलं, "असं कोणी सांगितलं?" मग हार घातला, तीन टाकाऊ काठ्या दिल्या आणि निरोप दिला. "सदरा तसाच पेटीत हाये," सासूबाई म्हणाल्या आणि सुपातला कोंडा उडवला. मला त्या क्षणी कुणाला तरी मारावंसं वाटलं. पण आसपास शेळ्याच होत्या.

दुष्काळ सरल्यावर त्या भागात धरणाच्या कामावर एक मोठे इंजिनिअर आले. त्यांना गोल्फचा शौक. इकडे कुणी म्हातारा माळावर गोल्फ खेळतो हे कुणाकडून तरी त्यांनी ऐकलं, निरोप धाडला आणि एका रविवारी त्यांची जीप थेट बरडाशी येऊन उभी राहिली. पांढरे बूट, पांढरी टोपी, चौदा काठ्यांची चामड्याची बॅग. मामाजी पेटीतला सदरा घालून आले होते. मी त्यांना इतकं शांत कधी पाहिलं नव्हतं. ओळखपाळख झाली. कुठे शिकलात, असं साहेबांनी विचारलं, मामाजींनी छावणीचं नाव सांगितलं, आणि साहेबांचा चेहरा एकदम सैल झाला. "अच्छा, म्हणजे कॅडी होतास तू," असं म्हणून त्यांनी जीपकडे बोट दाखवलं. "चल, बॅग घे."

मामाजी हलले नाहीत. बघायला जमलेली दहा-वीस माणसं पुढे सरकली. माझे कान तापले होते, पण मी जन्माचा भित्रा. प्रसंग टळावा म्हणून मीच पुढे झालो आणि बॅगेचा पट्टा खांद्यावर घेतला. त्यावर मामाजी साहेबांवर नाही, माझ्यावर कडाडले. "खाली ठेवा ते, जावईबापू." मग साहेबांकडे वळून अगदी हळू म्हणाले, "सायेब, हे मैदान माहं हाये. इथं ज्याची ब्याग त्यानं उचलायची, असा नियम हाये." साहेब क्षणभर जीपकडे बघत राहिले. पण एवढ्या लोकांसमोर परत फिरणं त्यांना जड गेलं असावं. त्यांनी बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली.

टोले मोजून लिहायचं काम माझ्याकडे आलं; ज्याला कमी लागतील तो जिंकणार. वहीचे दोन कागद फाडून मी दोन कार्डं केली आणि एकावर मामाजींचं पूर्ण नाव लिहिलं. साहेब लांब मारत, मामाजी सरळ मारत. साहेब डब्याजवळ आधी पोचत आणि मग त्या सारवलेल्या जमिनीवर त्यांचा चेंडू वेड्यासारखा पुढे-मागे धावे. पाच होल झाले तेव्हा मामाजी दोन टोल्यांनी पुढे होते. सहाव्याला त्यांचा चेंडू डब्यापासून आठ-दहा हात लांब राहिला. दोन टोल्यांत घातला असता तरी ते जिंकत होते. ते चेंडूमागे गुडघ्यावर बसले, जमीन बघितली, उठले, कमरेत वाकले. ज्या माणसाला मी दिवसातून चाळीस वेळा रागानं थरथरताना पाहिलं होतं त्याचे हात त्या वेळी झोपलेल्या मुलाला पांघरूण घालावं तसे हलले. चेंडू डावीकडे गेला, वळला, आणि डब्यात पडला. साहेब सत्तावीस, मामाजी चोवीस.

आता कार्डावर सोबत खेळलेल्याची सही लागते. ती झाली की खेळ खरा. मामाजींनी कार्ड आणि माझं पेन दोन्ही हातांनी पुढे केलं. साहेब घड्याळ बघत म्हणाले की असल्या सारवलेल्या अंगणातल्या खेळाला कसली सही, आणि जीप सुरू करायला सांगून निघून गेले. मामाजी ओरडतील म्हणून मी वाट बघत राहिलो. त्यांनी सदरा काढून त्याची घडी घातली.

त्या आठवड्यात मला झोप लागली नाही. पुढच्या रविवारी मी कुणाला न सांगता एस.टी.नं निघालो आणि दोन कोस चालून त्या साहेबांच्या बंगल्यावर पोचलो. ते व्हरांड्यात चहा घेत होते. मी कार्ड टेबलावर ठेवलं. ते हसले आणि म्हणाले, मास्तर, करमणूक होती ती. मी म्हणालो, "मी गणित शिकवतो साहेब. चोवीस हे सत्तावीसपेक्षा कमी असतात. तेवढंच लिहून द्या." माझा आवाज इतका मोठा होता की आतून त्यांच्या पत्नी बाहेर आल्या. सही मिळाली नाही. मी कार्ड उचललं, पेन तिथेच आपटलं आणि बाहेर पडलो. लग्नातलं पेन होतं. बंगल्याच्या फाटकाबाहेर आल्यावर त्याची आठवण झाली, पण रागाची शान राखायची म्हणून परत गेलो नाही.

मामाजींना हे सांगितलं तेव्हा मला शाबासकीची अपेक्षा होती. ते उठून बरडावरच्या शेळ्या हाकलायला निघून गेले. मग बाजेवर येऊन बसले आणि माझा उजवा हात हातात घेऊन बोटं उलगडून बघायला लागले. "राग आला का पकड घट्ट होते. घट्ट पकडीनं बॉल वाकडा जाते. छावणीत बावीस वर्सं मी राग पोटात ठेवला, हातात येऊ नाई देल्ला." हात सोडून म्हणाले, "उद्या सकायी बरडावर या. दोन कार्डं आना."

दुसऱ्या दिवशी आम्ही सहा होल खेळलो. त्यांना सव्वीस लागले, कारण दोन टोले माझी पकड सुधारायच्या नादात वाया गेले. मी त्यांच्या कार्डावर सही केली, शाळेच्या निकालपत्रकावर करतो तशी, तारखेसकट. माझी बेरीज अठ्ठावन्न झाली होती. त्यांनी माझं कार्ड डोळ्यांजवळ धरून बोटांवर मोजलं आणि एकोणसाठ केलं. "पळसाखालचा एक इसरले तुमी." मग सावकाश, अक्षर अक्षर जोडत, सही केली.

पुढच्या चार वर्षांत त्यांचे डोळे गेले. मोतीबिंदू काढायला अकोल्याला नेलं, पण उशीर झाला होता. राग मात्र शाबूत होता, फक्त आता तो कुठल्या दिशेला काढायचा हे त्यांना आवाजावरून ठरवावं लागे. मी गेलो की माझा खांदा धरून बरडावर येत. मी त्यांना डब्यासमोर उभं करी, पायानं जमीन चाचपून ते उतार ओळखत आणि पटर मारत. एका सकाळी, दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट, चेंडू डब्याच्या काठाला घासून पुढे गेला. त्यांनी मान न हलवता विचारलं, "डब्यात गेला?"

मी म्हणालो, "गेला, मामाजी."

"खोटं बोलू नका, जावईबापू," ते म्हणाले. "आवाज आला नाई."

त्यांचा स्वर चढला नव्हता. मी जाऊन चेंडू उचलला, त्यांच्या पायाशी आणून ठेवला, आणि ते परत वाकले.