मूळ गाव

आज दुपारी लेकीने मोबाइलवर वाचून दाखवलं: अमेरिकेत परदेशी माणसावर गुन्हा झाला आणि त्याने पोलिसांना मदत केली, तर त्याला तिथेच राहायची परवानगी मिळू शकते. माझं लाटणं थांबलं.

मंडळी, नव्वदच्या दशकात आम्ही सुरतला, लिंबायतमध्ये राहायचो. शेजारची रहीमा बांगलादेशातून आलेली. घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायची. हे काम आणून देणाऱ्या एका दलालाने तिच्यावर चाकू चालवला.

"भाभी, रहने दो," ती म्हणत होती. मीच तिला हाताला धरून पोलीस चौकीत नेलं. अर्जही मीच लिहिला. आम्हा खानदेशी लोकांची सवयच, कुठल्याही कागदावर आधी मूळ गाव लिहायचं. तिला विचारून तिचंही लिहिलं.

तिने ओळखल्यामुळे दलाल पकडला गेला. मग साहेबांनी अर्ज पुन्हा वाचला. "आ गाम क्यां आव्युं?" हे गाव कुठे आलं, त्यांनी विचारलं. रहीमाने खरं सांगितलं.

थोड्याच दिवसांत तिला सीमेपार पाठवलं. साक्ष द्यायला कोणी उरलंच नाही. दलाल सुटला. गल्लीत दिसला की हसून मला "केम छो, बेन?" विचारायचा.

अर्जात मूळ गावाच्या जागी मी नुसतं लिंबायत लिहिलं असतं तर? तुम्ही काय लिहिलं असतं?