कहवा न घेणारे साहेब

चहा न पिणारा माणूस मी त्याआधी पाहिलाच नव्हता. आमच्या राजापूरकडे आजारी माणसालाही आधी चहा विचारतात, मग औषध. सौदीतल्या ताइफच्या पहिल्या हिवाळ्यात मी आमच्या अमेरिकन साहेबांसाठी आलं घालून चहा नेला. त्यांनी कप दोन्ही हातांत धरून हात शेकले, वास घेतला आणि कप तसाच मला परत दिला. म्हणाले, "थँक यू, ब्रदर. यू ड्रिंक." मला वाटलं, माझ्या हातचं त्यांना चालत नाही. शिवाशिव गोऱ्यांतही असते की काय!

आमचा ड्रायव्हर चाचा पोट धरून हसला. चाचा रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा. अरबी फाडफाड बोलायचा, इंग्रजी कामापुरतं. "अरे येड्या, ते मॉर्मन. ख्रिस्तीच, पण निराळे. दारू नाय, सिगरेट नाय, चाय-कॉफी पण नाय. देवाला शब्द दिलाय त्यांनी."

"मग सकाळी उठतात कशाला?" मी विचारलं.

"पोरांसाठी," चाचा म्हणाला.

ते खरंच होतं. तेलाच्या पैशावर तेव्हा तिकडे डोंगर फोडून इमारती उठत होत्या. आम्ही गावाबाहेर एका मोठ्या हॉस्पिटलच्या कामावर होतो. मी वायरमन, सातवीत शाळा सुटलेला, मामाच्या हाताखाली शिकलेला. मूळचाच घाबरट. इकामा म्हणजे तिथला राहण्याचा परवाना हरवेल, फोरमन रागावेल, घरून वाईट बातमी येईल, अशी काही ना काही धास्ती खिशात घेऊनच मी कामावर जायचो. साहेब साइटवरच्या विजेच्या कामाचे मुख्य. पण कॅम्पात त्यांची ख्याती वेगळीच होती: साहेब घरी भांडी घासतो!

मी ते डोळ्यांनी पाहिलं. एका सोमवारी संध्याकाळी त्यांच्या घरचा फ्यूज उडाला म्हणून मला बोलावलं. साहेब मेणबत्तीच्या उजेडात खरोखरच भांडी विसळत होते, मॅडम पुसत होत्या. दिवे आल्यावर मी निघालो, तर धाकटी मुलगी माझा हात सोडेना. सोमवारची संध्याकाळ त्यांच्याकडे घरच्यांसाठी राखलेली असायची. त्या वेळी ना फोन, ना पाहुणा, ना ऑफिस. पाच पोरं गालिच्यावर गोल बसली होती. मलाही बसवलं, पक्कड-टेस्टरसकट. गाणं झालं. मग थोरल्या मुलाने भावाला मारल्याची कबुली दिली आणि सगळ्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली. साहेबांनी लाह्या भाजल्या त्या निम्म्या करपल्या, त्यावरून पोरांनी बापाची जी थट्टा केली! आमच्या घरी बापासमोर कुणी मान वर करत नसे. मी करपलेल्या लाह्या खात ते बघत बसलो. तेव्हा माझं लग्न नुकतंच झालेलं होतं. मनात म्हटलं, आपल्याला पोरं झाली तर असं घर पाहिजे.

पहिल्याच उन्हाळ्यात बायको बाळंत झाली. मुलगी झाल्याचं कळलं, आणि पाठोपाठ तार आली: बायको रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यात, प्रकृती गंभीर, लगेच ये.

लगेच कसा जाणार? पासपोर्ट कफीलकडे. कफील म्हणजे ज्याच्या नावावर आम्ही त्या देशात आलो तो सौदी मालक. आमची माणसं त्यानेच अमेरिकन कंपनीला कामाला दिलेली. त्याच्या सहीशिवाय देशाबाहेर पाऊल टाकता येत नसे. त्याच्या मॅनेजरने मला दारातूनच परतवून लावलं. "करार संपल्यावर. आधी गेलेला एक तरी परत आलाय का? खलास." मी साइटवर येऊन वायरचं बंडल मांडीवर घेऊन नुसता बसून राहिलो. साहेबांनी तार वाचली, मला बंडलासकट उठवलं आणि म्हणाले, "मी येतो कफीलकडे." त्यांचं ते कामच नव्हतं. मी त्यांच्या कंपनीचा माणूससुद्धा नव्हतो.

शुक्रवारी दुपारी आम्ही तिघे निघालो. चाचा गाडी चालवायला आणि अरबी बोलायला. कफील गावाबाहेर गुलाबांच्या बागेपलीकडे राहायचा. म्हातारा, मेंदी लावलेली दाढी. बैठकीत लोडाला टेकून बसलेला. नोकराने आमच्यासमोर बिनकानाच्या छोट्या पेल्यांत कहवा ओतला. वेलदोडा घातलेली ती पिवळसर अरबी कॉफी. चाचा प्यायला. मी नुसता ओठाला लावून ठेवला. साहेबांनी पेला घेतला, मान लववली आणि समोर ठेवून दिला.

म्हातारा त्या पेल्याकडे बघत राहिला. मग सरळ होऊन बसला आणि काहीतरी बोलला. चाचाचा चेहरा उजळला. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "नशीब काढलंस! यांच्यात रीत आहे. मागणं घेऊन आलेला पाहुणा कहवा पीत नाय, पुढ्यात ठेवतो. मालक मागणं विचारतो, 'दिलं' म्हणतो, मगच पाहुणा पितो. याला वाटलं साहेबाला रीत ठाऊक आहे. खूश झालाय."

चाचाने माझी सगळी कहाणी सांगितली. म्हाताऱ्याने दाढीवरून हात फिरवला, पेल्याकडे बोट केलं आणि एवढंच म्हणाला, "दिलं. पी."

"सर, ड्रिंक!" चाचा म्हणाला. "काम फिनिश! वन सिप!"

साहेबांनी पेला उचलला. मी त्या हाताकडे बघत होतो. एक घोट. माझी बायको, न पाहिलेली मुलगी, सगळं त्या वाटीएवढ्या पेल्यात होतं. आणि पेला परत खाली आला.

"त्यांना सांग," साहेब हळू म्हणाले, "मी रीत म्हणून ठेवला नव्हता. मी कॉफी पीत नाही. देवाला शब्द दिलाय. त्यांच्या गैरसमजावर मला होकार नको."

"हे मी नाय सांगणार," चाचा मराठीतच पुटपुटला. "तूच सांग तुझ्या 'ब्रदर'ला, गप पी म्हणावं."

मी काय सांगणार? म्हातारा कडक आवाजात विचारायला लागला, हा काय म्हणतोय? शेवटी चाचाने मान खाली घालून सांगितलं.

म्हाताऱ्याने पेल्यावरची नजर साहेबांकडे वळवली.

"चहा?" म्हाताऱ्याने विचारलं.

"तोही नाही."

"दारू?"

"कधीच नाही."

"मग याची बायको याला पाजते तरी काय?"

"दूध," चाचा म्हणाला.

म्हाताऱ्याचे खांदे आधी हलले, मग हसू फुटलं. हसता हसता त्याने नोकराला हाक मारली. साहेबांसमोर उंटिणीच्या दुधाचं भांडं आलं. आणि साहेबांचा तो पेला म्हाताऱ्याने स्वतःच्या हाताने उचलून माझ्यापुढे धरला. "गरज तुझी. तू पी." मी प्यायलो. कडू होता. डोळ्यांतलं पाणी त्या कडूपणावर ढकललं आणि चाचाने ते सगळ्यांना पटेल असं समजावून सांगितलं.

साहेबांनी दुधाचं भांडं एका दमात रिकामं केलं. तहानलेलं वासरू प्यावं तसं.

गाडीत बसल्यावर मी आभार मानायला गेलो, पण त्यासाठी इंग्रजीतले 'थँक यू' एवढे दोनच शब्द येत होते आणि तेही जमेनात. साहेब म्हणाले, काल संध्याकाळपासून ते, मॅडम आणि थोरला मुलगा, तिघांनीही अन्नपाणी घेतलं नव्हतं. कुणासाठी काही मागायचं असलं की त्यांच्यात असा उपास धरतात. माझ्या बायकोसाठी धरला होता. मागणं मंजूर झालं तेव्हा सुटला.

गुलाबांची बाग मागे पडली. मग खिडकीबाहेर बघत साहेब म्हणाले, "त्याने आणखी एकदा म्हटलं असतं ना, ब्रदर, तर मी प्यायलो असतो."

"देवाला काय सांगितलं असतं, सर?" चाचाने आरशातून विचारलं.

"देवाला कळलं असतं. मॅडमला सांगायची भीती होती."

मी पोचलो तेव्हा बायको शुद्धीवर होती. कागदासारखी पांढरी, पण होती. मुलीला तिच्या कुशीत ठेवलेलं. थोडी सावरल्यावर मी तिला सगळं सांगितलं. म्हातारा, पेला, दूध. ते तिने नुसतं ऐकून घेतलं. मॅडमच्या उपासाचं सांगितलं तेव्हा मात्र तिने मान वळवली.

"पाच पोरांचं करून? मला न बघता?"

"हो."

"पाणीसुद्धा नाही?"

"नाही."

ती वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत राहिली. "वार कुठला होता हो?"

"शुक्रवार."

"देवीचाच की," ती म्हणाली. "बरी झाले की मी धरीन त्या बाईसाठी."

साहेब आता असतील की नाही, कोण जाणे. मॅडम तरी कुठे असतील. बायको शुक्रवार अजून धरते.