अर्धा सूत

सागवानाला दोन वास असतात. हातकरवतीने कापलं तर वास सावकाश उलगडत येतो, थोडा तेलकट, थोडा कमावलेल्या चामड्यासारखा, आणि रंध्याखालून निघालेल्या लांब कुरळ्या छिलक्यांत दिवसभर रेंगाळतो. यंत्राच्या फिरत्या पात्याने कापलं तर तेच लाकूड क्षणभर करपतं आणि त्याचा पिठासारखा भुसा नाकात जाऊन बसतो. हे दोन्ही वास मला सारखेच प्रिय आहेत. पहिल्या वासात मी वाढले आणि दुसरा मी स्वतः घरात आणला.

घर म्हणजे नामपल्लीत, स्टेशनच्या मागच्या बाजूला, पत्र्याच्या छपराखालचा आमचा सुतारकारखाना आणि त्याच्या पाठीला टेकलेल्या दोन खोल्या. माझे वडील, आबा, उदगीरकडच्या एका खेड्यातून तरुणपणी हैदराबादला आले. त्यांच्या वडिलांनी बैलगाडीची चाकं केली, आबांनी खुर्च्या केल्या. त्यांच्याबरोबर गफूरभाई, नक्षीकाम करणारे, माझ्या जन्माच्या आधीपासूनचे. आणि मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे मी नम्रतेने सांगत नाही, कारण त्यात नम्र होण्यासारखं काही नाही. चार वर्षं बसचे धक्के खाऊन, इंग्रजी पुस्तकं कोशाच्या आधाराने वाचून मी इंजिनियर झाले.

पण पदवीने एक विचित्र गोष्ट केली. आबा माझ्याशी जपून बोलू लागले. मी कारखान्यात पाऊल टाकलं की ते स्टूल पुसून द्यायचे. गफूरभाईंना ते दिवसातून दहा वेळा रागावत. मला एकदाही नाही. लाकडाच्या धुळीतून मी बाहेर पडावं म्हणून त्यांनी मला शिकवलं होतं, आणि मी मात्र शिकून त्याच धुळीत परतले होते! घरच्या माणसाने पाहुण्यासारखं वागवावं, यासारखा एकटेपणा दुसरा कोणता असेल?

मी परतले ते दिवस शहराच्या घाईचे होते. परदेशी मालाला दारं उघडली होती. माधापूरकडच्या खडकांवर काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, आणि त्यांत बसणाऱ्यांना हव्या असलेल्या खुर्च्या खोक्यांत भरून समुद्रापलीकडून येत होत्या. नामपल्लीच्या मैदानावरच्या हिवाळी प्रदर्शनात लोक आबांच्या खुर्चीवर हात फिरवत, वाहवा करत, आणि शेजारच्या दुकानातून घडीची लोखंडी खुर्ची घेऊन जात. हातकाम बंद करून प्लायवूडवर सनमायका चिकटवण्याची भाषा आबा करू लागले होते. म्हणून एका नव्या संगणक कंपनीने भोजनगृहासाठी चोवीस सागवानी खुर्च्या मागितल्या, तेव्हा त्या ऑर्डरीवर काय अवलंबून आहे हे आम्हा तिघांनाही न बोलता ठाऊक होतं. खुर्च्या आवडल्या तर टेबलं आणि बाकंही आमचीच. नाही आवडल्या तर आबांचा रंधा खुंटीवर.

कंपनीची मुदत हातांच्या आवाक्याबाहेरची होती. मी सुचवलं की आकार आबांचा, जोडणी आणि घासकाम आबा-गफूरभाईंचं, पण तुकडे कापायचं काम बालानगरच्या एका शेडमधल्या संगणकावर चालणाऱ्या यंत्राकडून करून घेऊ. त्या यंत्राला लागणारं रेखाटन मी करते. आबांनी एकदम होकाराची मान हलवली.

आबांचं मोजमाप आकड्यांत नसतं. प्रत्येक खुर्चीची त्यांची एक लाकडी पट्टी असते. तिच्यावर पाय, पाठ, बैठक यांच्या खुणा सुरीच्या टोकाने कोरलेल्या. पाठीचा बाक तर पट्टीवरही नसतो, तो त्यांच्या तळव्यात असतो. तो बाक मी कागदावर गिरवला, बिंदू-बिंदू करून संगणकात चढवला, आणि पडद्यावर ती वक्ररेषा उमटली तेव्हा मला आबांचा तळवाच समोर दिसल्यासारखा वाटला. हातांनी चाळीस वर्षांत साठवलेलं ज्ञान आकड्यांत उतरतं का? उतरतं, असं मी ठामपणे सांगते. पण ज्याचे हात आहेत त्याच्याशी बोललात तरच.

मी बोलले नाही. चूक तिथेच झाली.

एका लाकडाची कूस, म्हणजे पुढे काढलेली जीभ, दुसऱ्याच्या खाचेतून आरपार जाऊन बसते, त्यावर आमची खुर्ची उभी असते. आबा पट्टीवर कुशीच्या जाडीची खूण नेहमी अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, जास्त ठेवतात. तेवढं लाकूड नंतर रंध्याने उतरवून कूस नेमकी बसवायची, ही त्यांची रीत. ती मी लहानपणापासून पाहत आले होते. यंत्राला रंध्याची गरज नाही, म्हणून संगणकात मी प्रत्येक कुशीतून अर्धा सूत वजा केला. आबांना विचारायचं कशाला? त्यांची रीत मला पाठ आहे याचा मला अभिमान होता. आणि आबांनी काय केलं? लेकीच्या यंत्राचा मान ठेवायला त्यांनी गुपचूप नवी पट्टी कोरली, आणि तिच्यात अर्धा सूत आधीच वगळला; मी मापं घेतली ती नेमकी याच पट्टीवरून. शिकलेल्या मुलीला हे सांगायचं कशाला, तिला कळत असणारच!

शुक्रवारी सकाळी तुकडे आले, इतके गुळगुळीत की गफूरभाईंनी गालाला लावून पाहिले. दुपारी पहिली खुर्ची उभी राहिली. गफूरभाई बसले, एकदा पुढे झाले, एकदा मागे झाले, आणि खुर्ची त्यांच्याबरोबर डुलली. ते शांतपणे म्हणाले, "इंजिनियरनी बेटी, कुर्सी मंगाए थे उनो, तुम झूला बना को दिए."

सोमवारी ट्रक यायचा होता. चोवीस खुर्च्यांच्या सगळ्या कुशी त्याच मापाच्या. यंत्र चूकसुद्धा किती प्रामाणिकपणे करतं! मी कागद पसरले. आबांनी पट्टी आणली. दोन्ही शेजारी ठेवल्यावर दोघांना एकाच क्षणी कळलं. मी म्हणाले, चूक माझी. मला वाटलं, आता ते स्टूल पुसतील, पाणी देतील, असू दे म्हणतील; आणि उद्यापासून मी पुन्हा पाहुणी.

आबांचा आवाज चढला. "तू शिकलेली म्हणून मी विचारलं नाही, मी जुना म्हणून तू विचारलं नाहीस. दोघंही दीडशहाणे! आता उभी काय राहिलीस? बस खाली, पाचरी तास."

आरपार गेलेल्या कुशीच्या टोकाला चीर द्यायची आणि तिच्यात पाचर ठोकायची. कूस फुगते, खाच भरते, सांधा पक्का होतो. खुर्चीला आठ सांधे, म्हणजे एकशे ब्याण्णव पाचरी. मी जमिनीवर बसले. पटाशी हातात घेतली. अंगठा दोनदा कापला, त्याबद्दल कोणी विचारलं नाही. शिसवी लाकडाचा तुकडा तिरपा तासायचा, टोक कागदाइतकं पातळ, आणि दोन्ही अंगं समान. पडद्यावर मी असा आकार क्षणात काढते.

सोमवारी ट्रक वेळेवर भरला. खुर्च्या आवडल्या, पुढे टेबलंही आमच्याकडेच आली, आणि आता पट्टी कोरताना आबा मला हाक मारतात; ते खूण करतात, मी आकडा लिहिते, तो मोठ्याने वाचते, आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय संगणकाला हात लावत नाही. पण माझ्या मनात रुतून बसलेली आहे ती शुक्रवारची संध्याकाळ. माझ्या पहिल्या अकरा पाचरी आबांनी एकेक करून उजेडात धरल्या आणि माझ्या तोंडाकडे न पाहता भुशात फेकल्या, जशा त्यांनी कुठल्याही कारागिराच्या फेकल्या असत्या. बारावी त्यांनी दोन्ही अंगांनी फिरवून पाहिली, कुशीच्या चिरेत टेकवली, आणि हातोडा उचलला.