नाळेवरची राख

गडब गावची गोदूबाई सुईण कुणाचं ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. गावातली निम्मी पोरं तिच्या हातात पहिल्यांदा रडलेली. तिला कोण शिकवणार? तरी अठ्ठ्याहत्तर साली सरकारने सुईणींना शिकायला पेणला बोलावलं, तेव्हा ती गेली. फुकटची कात्री आणि डबा मिळणार म्हणून जाते, असं तिनेच गावभर सांगितलं होतं.

पहिले दोन दिवस तिने नुसती थट्टा केली. कापडाच्या बाहुलीची नाळ कापायची म्हणे! तिसऱ्या दिवशी इंदुबाई नर्सने ती कापली आणि विचारलं, "आता यावर काय लावता?"

"शेणीची राख. माज्या चुलीतली, चाळून मऊ केलेली," गोदूबाई तोऱ्यात म्हणाली.

"तीच बाळाला मारते. त्या राखेने धनुर्वात होतो. आठवड्याभरात बाळ दूध ओढेनासं होतं, जबडा मिटतो, अंग ताठतं."

हे गोदूबाईने कितीदा पाहिलं होतं! सटवीने नेलं म्हणायचं आणि पुढच्या घरी जायचं. गेल्या साली सातव्या दिवशी असंच ताठलं होतं ते तिच्या पोटच्या लेकीचं, शकूचं बाळ. तेव्हापासून निडीला सासरी शकूचं दूधच विषारी ठरलं होतं. आता दुसरी खेप. हेही गेलं तर पोराचं दुसरं लग्न लावीन, असं सासूने बजावून तिला माहेरी धाडलं होतं.

घरी येताच गोदूबाईने सांगून टाकलं. "तुज्या दुधात काय वाईट नव्हतं गो. माज्या राखंनं मारला त्याला."

शकू रडली नाही, ओरडलीही नाही. एवढंच म्हणाली, "आये, हे तिकडं सांगशील?"

सांगायचं म्हणजे जन्मभराचं नाव मातीत घालायचं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती निडीला गेली आणि विहिणीच्या, धोंडुबाईच्या ओटीवर, शेजारणींच्या देखत, सगळं बोलली. आता धोंडुबाई अंगावर येणार म्हणून खाली मान घालून उभी राहिली.

सुपातले तांदूळ पाखडता पाखडता धोंडुबाईचा हात थांबला.

"माजीबी दोन अशीच गेली," ती म्हणाली. "आमच्या सुईणीनंबी राखच लावली व्हती. आन सासू मरंस्तवर मला म्हनायची, तुजं दूधच विखारी हाय. मीबी शकूला तेच ऐकवलं."