पारशिवनीचे तीन खिळे

पुराणात विष पचवणारा देव एकच झाला, आणि त्यालाही गळा निळा करून घ्यावा लागला. माझे थोरले साडू मात्र बत्तीस वर्षं रोज दहा ते सहा विषात वावरून संध्याकाळी कोथिंबिरीची जुडी घेऊन नागपुरात हुडकेश्वरला घरी परततात, आणि त्यांचा साधा शर्टसुद्धा आजवर निळा झालेला नाही. ते सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ आहेत. म्हणजे कोणी कोणाला काही पाजलं, किंवा पाजलं असा नुसता संशय आला, की पोलीस बाटल्या लाखेनं बंद करून यांच्या टेबलावर आणून ठेवतात, आणि आत काय आहे ते हे सांगतात. त्यांचं लग्न ठरलं तेव्हा आमच्या सासऱ्यांनी मोठ्या अभिमानानं गावात सांगितलं की जवाई विषाच्या खात्यात आहेत. तेव्हापासून पंगतीत त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहते. मला ते सोयीचंच पडतं. माझं बसणं जरा ऐसपैस आहे.

या माणसाच्या हातात कुठलीही बंद वस्तू द्या, तो ती उघडत नाही. आधी तिचं तोंड तपासतो. लग्नपत्रिकेचा लिफाफा उजेडात धरून डिंक नीट लागलाय का पाहतो. मागच्या दिवाळीत बायकोनं त्यांच्यासाठी चिवड्याचा डबा दोरीनं बांधून माझ्याबरोबर पाठवला. साडूंनी डबा घेतला, फिरवला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "भाऊ, डबा वाटेत कुठं उघडला?"

"उघडला नाही," मी म्हणालो.

"गाठ तिची नाही. तिचा हात उजवा आहे. ही गाठ डावखुऱ्याची दिसून राहिली."

मी डावखुरा आहे. त्यांनी आणखी एक शब्द विचारला नाही. फक्त डब्यावर कागद चिकटवून लिहिलं, 'सील शाबूत नाही, तरी स्वीकारला', खाली तारीख आणि सही. तो कागद अजून त्यांच्या स्वयंपाकघरात आहे. डब्यात आता साबुदाणा असतो.

बोलतातही ते अहवालासारखं. ताई, म्हणजे त्यांची बायको, माझी मोठी मेव्हणी, ताट वाढून विचारते, "भाजी कशी झाली?" साडू एक घास नीट चावून म्हणतात, "मीठ आढळून आलं."

"अन् चव?"

"चवीची तपासणी मागितली नव्हती."

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला ताईनं चारचौघांत त्यांना उभं केलं आणि म्हणाली, माझ्याबद्दल दोन शब्द बोला. साडूंनी बराच विचार केला आणि सांगितलं, "आजवर तक्रारीलायक काही आढळून आलं नाही." आम्ही सगळे हसून लोळलो. ताईनं मात्र दुसऱ्या दिवशी माझ्या बायकोला फोन करून ते वाक्य दोनदा म्हणून दाखवलं.

पण त्यांचा खरा नाद तुलनेचा. एक वस्तू तपासायची तर तिच्या शेजारी दुसरी, निर्धोक म्हणून माहीत असलेली वस्तू हवीच, नाहीतर पाहिलं ते खरं कशावरून, हे त्यांचं तत्त्वज्ञान. इतवारी बाजारातून नवं तिखट आलं की जुन्यातलं चमचाभर काढून ठेवायचं. नवा उंबरठा रंगवला की कोपऱ्यात बोटभर जागा बिनरंगाची ठेवायची. एकदा सुतारानं ती जागा चुकून राहिली समजून रंगवून टाकली, तेव्हा साडू दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. ताई म्हणते, "यायले पोराकरता सून पाहायले पाठवत नाही मी. तुलनेकरता दुसरी मागतील."

आम्ही सारे या सवयींवर वर्षानुवर्षं पोट भरून हसत आलो. मग मेव्हण्याच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडाच, आलं.

मेव्हणा म्हणजे ताईचा धाकटा भाऊ, पारशिवनीजवळ शेती करतो. माणूस मनानं चांगला, पण मिशीनं जरा जास्तच. त्याची विधवा काकू शेजारच्याच घरात राहते. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोन्ही घरांचं भांडण झालं आणि सात वर्षं एकमेकांचं तोंड पाहणं बंद होतं. मुलगी हट्टी निघाली. ती स्वतः काकूआजीकडे गेली आणि म्हणाली, तू आली नाहीस तर मी पाटावर बसत नाही. काकू आली. नुसती आली नाही, पदर खोचून म्हणाली, "पोरीच्या साक्षगंधाची कढी मी करतो." मेव्हणा मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटला, पण नाही म्हणाला नाही.

पंगत उठली आणि अर्ध्या तासात गडबड सुरू झाली. आधी नवरदेवाचे मामा उठून गोठ्यामागे गेले. मग आणखी दोघं, मग पाच, मग मोजदाद सोडून दिली. तालुक्याचे डॉक्टर आले, सगळ्यांना औषध आणि मीठसाखरेचं पाणी दिलं, घाबरण्यासारखं नाही म्हणाले आणि गेले. माणसांची पोटं शांत झाली, तोंडं सुरू झाली. सगळ्यांच्या माना हळूहळू एकाच दिशेला वळल्या. काकू अंगणाच्या टोकाला खाटेवर बसली होती.

"सात वर्षांनी आली अन् कढीच काहून केली, भाजी काहून नाही?" मेव्हणा मोठ्यानं म्हणाला. "सांगा मले."

"अरे, काहीही बोलू नको गा," ताई म्हणाली.

"मी नाही बोलून राहिलो ताई, पाहुण्यायचे पोटं बोलून राहिले."

नवरदेवाचे मामा ओल्या टॉवेलानं तोंड पुसत म्हणाले, पोलिसात कळवायला पाहिजे, आणि असल्या घरची पोरगी करायची की नाही तेही पाहायला पाहिजे. एवढ्यात कोणाला तरी आठवण झाली की विषाच्या खात्याचे जवाई इथंच बसले आहेत.

"भाऊजी," मेव्हणा म्हणाला, "तुम्ही वास घेऊन सांगा, काय टाकलं तिनं."

"टाकलं असं कोण म्हटलं?" साडू म्हणाले.

"बरं, अंदाज तरी सांगा."

"अंदाज मी पाण्यापावसाचा सांगतो. माणसाचा नाही."

मग त्यांनी खिशातून वही काढली आणि आजारी पडलेल्या एकेका माणसापाशी जाऊन काय खाल्लं, किती खाल्लं, चव कशी लागली ते लिहून घेतलं. मामांनी कढीच्या तीन वाट्या रिचवल्या होत्या. जिभेवर किल्ली ठेवल्यासारखं लागत होतं, म्हणाले. "मग तिसरी वाटी काहून घेतली?" साडूंनी विचारलं, आणि उत्तर मिळालं नाही तेही लिहून घेतलं. आजारी पडलेला प्रत्येक माणूस कढीवाला होता. मी जिलेबीपाशी अडकल्यामुळे बचावलो होतो.

साडूंनी दोन काचेचे ग्लास, लोखंडाचे खिळे आणि पॉलिश पेपर मागवला. दोन खिळे चकचकीत होईपर्यंत स्वतः घासले. एका ग्लासात कढी घेतली. "ही ज्या ताकाची केली ते उरलं आहे काय?" आदल्या रात्रीचं थोडं ताक मडक्यात उरलं होतं. ते दुसऱ्या ग्लासात. दोन्हीत एकेक खिळा सोडला, घड्याळ काढून समोर ठेवलं आणि म्हणाले, "एक तास. कोणी हात लावायचा नाही."

लोक टीव्हीवरची क्रिकेटची मॅच पाहत नाहीत इतक्या एकाग्रतेनं पन्नास माणसं उकिडवी बसून दोन खिळे पाहत होती. "डाव्या खिळ्यानं हालचाल केली," असं मी म्हणालो, तर मामांनीसुद्धा मान पुढे केली. तास झाला. साडूंनी खिळे काढून पाण्यात धुतले. ताकातला खिळा होता तसाच चकचकीत. कढीतल्या खिळ्यावर तांबूस लेप चढलेला.

"तांबं," साडू म्हणाले.

मेव्हणा उठूनच उभा राहिला. "तांबं म्हणजे मोरचूद. हिच्या संत्र्याच्या बगीच्यात मोरचुदाचीच फवारणी असते. पोतं भरलं आहे घरात. झालं, आता आणखी काय पाहिजे?"

खरं सांगतो, माझ्याही मनात आलं की संपलं. ताई साडूंकडे अशी पाहत होती की लग्नानंतर कधी नसेल पाहिलं. काकूनं एवढंच विचारलं, "झालं काय पाहून?"

"नाही झालं काकू," साडू म्हणाले. "अर्धंच झालं. कढी शिजली कशात?"

पितळेचा मोठा गंज, म्हणजे कढीचं पातेलं, समोर आणला गेला. सोन्यासारखा झळकत होता. साडूंनी आत हात फिरवला आणि बराच वेळ काढला नाही. मग मेव्हण्याला म्हणाले, "हा तूच धू. आपल्या हातानं." मामांना म्हणाले, "मडक्यातलं बाकी ताक यात तुम्ही ओता." आणि काकूला म्हणाले, "तुम्ही जागेवरून उठू नका." गंज मंद चुलीवर कोमट ठेवला, मग त्यातलं ताक ग्लासात घेऊन तसाच घासलेला तिसरा खिळा सोडला. पुन्हा घड्याळ. या तासात मी एकही विनोद केला नाही.

तिसरा खिळाही तांबूस निघाला.

साडूंनी तिन्ही खिळे कागदावर ओळीनं ठेवले. "मडक्यातल्या ताकात तांबं नाही. तेच ताक या गंजात ठेवलं, तर आहे. या वक्ती काकू दूर बसली होती, ताक मामानं ओतलं. आंबट ताक अन् बिनकल्हईचं पितळ, एवढंच आहे. कढीत कोणी काही टाकलं नाही." एवढं बोलून त्यांनी वही मिटली. हा गंज आज कोणी बाहेर काढला, हे त्यांनी विचारलं नाही.

न विचारताच मेव्हणा पुढे आला. मिशी खाली आली होती. "मीच काढला. आजोबाचा गंज, पाहुण्याईले दिसला पाहिजे म्हटलं. चिंच लावून दोन घंटे घासला मी तो. राहिली साहिली कल्हई मीच काढली. रातीच ताकही त्याच्यात मीच ओतून ठेवलं." तो काकूच्या पायाशी वाकला.

"ऊठ बापा," काकू म्हणाली. "पोरीचे पाहुणे उपाशी आहेत. कोणी साधा भात टाकला काय?"

भात टाकला गेला, मामांनी तो दोनदा घेतला, आणि लग्नाची तिथीही ठरली.

दिवेलागणीला आम्ही नागपूरकडे निघालो. गाडी मी चालवत होतो, मागे ताई आणि माझी बायको डोळे मिटून होत्या. शेजारी साडू. मी म्हणालो, "साडूभाऊ, आज तर मैदान मारलं तुम्ही."

ते म्हणाले, "बाटली येते आमच्याकडे. तिच्यावर नंबर असतो. रिपोर्ट लिहून आम्ही पाठवतो. पुढं कोण सुटलं, कोण गेलं, आम्हाले कोणी सांगत नाही. आज पहिल्यांदा पाहिलं भाऊ, माणूस सुटतो तेव्हा काय करतो."

"काय करतो?" मी विचारलं. मला वाटलं, रडतो म्हणतील, हात जोडतो म्हणतील.

"काकू दोन तास पायात चपला घालून बसली होती. केव्हाही निघून जाता आलं पाहिजे म्हणून. मी वही मिटली, तशा तिनं चपला काढल्या, खाटेखाली सारल्या अन् घरात गेली."

मी इतका गोष्टीवेल्हाळ माणूस. दोन तास तिच्या समोरच बसलो होतो. मला चपला दिसल्या नव्हत्या.